'कुठे' या शब्दाची खूण

काचेच्या दारावर वकीलबाईंनी आधी वर्तमानपत्र चिकटवलं,
चारी कोपऱ्यांना टेप.
बाहेरच्या शिपायाला काही ऐकू गेलं नसतंच,
पण इथे बोलणं दिसणार होतं.
अशील बहिरा. ऑर्विल पेल्की, वय एकेचाळीस.
बेड्या काढल्याशिवाय त्याला तोंड नाही.

मिनेसोटाच्या उत्तरेला, लोखंड उपसून दमलेल्या गावात
जानेवारीची दुपार चारलाच मिटते.
इर्या कान्तोला, खुणांची दुभाषी,
त्याच्या हातांकडे बघत बोलू लागली.
दुभाषीने 'तो म्हणतो' म्हणायचं नसतं.
'मी' म्हणायचं.

मी अँटनला ढकललं.
सहा नंबरच्या जुन्या खाणीचं तोंड. फळ्या कुजलेल्या, वर बर्फ.
भांडण पैशांचं होतं, थोडं दारूचं.
मी वाकून पाहिलं. हाक मारता येत नाही मला.
मग मी घरी आलो.

(तिच्या इंग्रजीत आलो आणि आले एकच.
मराठीत लिहिताना मलाच ठरवावं लागतंय
त्या खोलीत कोण बोलत होतं.)

थॉर्सगार्डबाईंनी पेन खाली ठेवलं.
"तो जिवंत असेल?"
हातांनी उत्तर दिलं, इर्याच्या तोंडून ते 'नाही' होऊन निघालं.
मग बाहेर, गाडीपाशी, बाईंनी नियम समजावला:
झालेलं आपल्यातच राहतं.
कुणाचा जीव जाणार असेल, तर दार किलकिलं करता येतं.
मेलेला माणूस पुन्हा मरणार नसतो.
"आपल्यात म्हणजे?"
"तो, मी आणि तू."

रविवारी चर्चमध्ये इर्या प्रवचन खुणांत उतरवते, फुकट.
पहिल्या बाकावर मिल्का झुपान. अँटनची आई.
बहिऱ्यांचं गाव गावाहूनही लहान असतं.
प्रार्थना संपली की मिल्का तर्जनी उभी धरते
आणि डावीकडे-उजवीकडे हलवते: कुठे?
आपल्याकडे या खुणेला 'नाही' म्हणतात.
तिथे तो प्रश्न आहे.
इर्या हात कोटाच्या खिशात घालते,
थंडी तर होतीच.

तिच्या नवऱ्याला थोड्या खुणा येतात,
लग्नाआधी हौसेने शिकला होता.
म्हणून हल्ली ती हात उशीखाली दाबून झोपते.

चौथ्या आठवड्यात रात्री अकराला तिने फोन केला.
"फळ्या कुजल्यात ना. शाळेची पोरं तिथूनच
स्नोमोबाइल नेतात."
पलीकडे बराच वेळ काही नाही. लायटर वाजला.
"हे मात्र अजून व्हायचं आहे," बाई म्हणाल्या.

कौंटीला निनावी फोन गेला: खाणीचं तोंड धोक्याचं आहे.
दोन माणसं आली, गोठलेल्या जमिनीत खांब ठोकले,
तार ओढली, पिवळी पाटी लावली, थर्मासातली कॉफी प्यायली.
वाकून खाली पाहणं त्यांच्या कामात लिहिलेलं नव्हतं.
कायद्याच्या फटीतून एवढंच बाहेर आलं,
सोळा खांब आणि एक पाटी.

मार्चमध्ये मिल्काला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेताना
रस्त्यात हरणं आडवी आली, इर्याने गाडी थांबवली.
हरणं गेली.
मिल्काने नवं कुंपण पाहिलं. कोऱ्या तारा,
चाळीस वर्षं उघड्या पडलेल्या भोकाभोवती,
याच हिवाळ्यात.
मग तिने इर्याकडे पाहिलं.
इर्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.
गाडी उभी होती, इंजिन बंद,
तरी दोन्ही हात स्टिअरिंगवर, बोटं पांढरी.

मिल्काने तर्जनी उभी धरली.
हलवली नाही.